डोंगरउतारावरच्या वनउद्यानात तंबूतळ कसा वसवावा

जागा बघायला कोरड्या दिवशी जाऊ नका, भर पावसात जा. सोबत रंगीत चिंध्या बांधलेल्या खुंट्यांची जुडी ठेवा आणि पाणी जिथून वाहतंय तिथे एकेक ठोकत चला. तासाभरात कागदावरच्या नकाशापेक्षा खरा नकाशा जमिनीवर तयार होतो. पावसात जाणं शक्यच नसेल तर खुणा वाचाव्या लागतात. झाडांच्या बुंध्यांना आणि दगडांना वरच्या अंगाने पालापाचोळ्याची कंगव्याने विंचरल्यासारखी रास अडकली असेल, मुळं उघडी पडली असतील किंवा सपाट जागी बोटाला पिठासारखा लागणारा गाळ साचला असेल, तर ती पाण्याची वाट आहे. दिसायला ती जागा तंबूसाठी सगळ्यात सुंदर असते, कारण पाण्यानेच ती सपाट केलेली असते.

उद्यानातल्या तळावर दोनच गोष्टी सतत वरून खाली येत असतात: पाणी आणि माणसांची पावलं. दोन्ही सोपी वाट धरतात, आणि अडवली की बाजूने फुटतात. ओटे (तंबू लावायच्या तयार केलेल्या जागा), पायवाटा, नळ, शौचालयं, चुली यांच्या जागा या दोघांचा विचार करून ठरवल्या, तर पुढची बरीचशी दुरुस्ती वाचते.

उंची आणि झाडं

धारेवर वारा आणि वीज यांचा त्रास, तर घळीत थंडीचा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखीच उतरून खोलगट जागी साचते. साधारणपणे १०० मीटर वर गेलं की तापमान सुमारे ०.६५ अंश सेल्सियसने उतरतं, पण अशा रात्री हा हिशोब उलटा होतो: तळाशी गारठा आणि मधल्या उतारावर ऊब. म्हणून मधल्या उतारावरचा पदर, म्हणजे कमी उताराची पट्टी, शोधावा. त्याचा नैसर्गिक उतार १०० मीटरला ३ ते ८ मीटर असला तर उत्तम. त्याहून सपाट जमिनीवर पाणी तुंबतं. १५ च्या पुढे गेलं की डोंगर खोदावा लागतो, आणि खोदलेल्या कडेची माती पुढे कित्येक वर्षं सुटत राहते.

मग मान वर करून बघा. वाळलेल्या फांद्या, अडकून राहिलेले ओंडके, बुंध्याला धरलेली खापरीसारखी बुरशी, साल सुटलेला पट्टा, मुळाशी एका बाजूने उचललेली माती यांपैकी काहीही दिसलं तर त्या झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात ओटा नको. उंची मोजायला काठी पुरते. हात ताठ पसरा आणि डोळ्यापासून मुठीपर्यंत जितकं अंतर भरेल तितकीच काठी मुठीच्या वर उभी ठेवा. मूठ झाडाच्या बुडाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरकत जा. जुळलं की तुमचं झाडापासूनचं अंतर हीच ढोबळमानाने त्याची उंची. हे करताना उताराला आडवं चाला. खाली किंवा वर सरकलात तर आकडा चुकतो.

जिवंत झाडांना तुमच्यापासून जपावं लागतं. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याला १२ ने गुणा आणि तेवढ्या त्रिज्येत खोदकाम किंवा भराव करू नका. ४० सेंटिमीटर जाडीच्या झाडाला असं जवळपास पावणेपाच मीटर मोकळं सोडावं लागतं. अन्न आणि पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. त्यांवर माती दाबली गेली की त्यांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, चार-पाच वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

ओटे: थोडे आणि पक्के

'जमिनीला विश्रांती मिळावी म्हणून तंबूंच्या जागा बदलत्या ठेवू' ही कल्पना ऐकायला चांगली आहे, पण ती उलटते. गवताचं आणि झुडपांचं बहुतेक नुकसान सुरुवातीच्या मोजक्या मुक्कामांतच होऊन जातं. पुढच्या मुक्कामांनी त्यात फारशी भर पडत नाही. उलट, उजाड झालेली जागा भरून यायला वर्षं लागतात. जागा फिरवत ठेवली तर एकाऐवजी दहा जागा उजाड होतात. म्हणून ओटे ठरावीक असावेत, आणि लोकांना दुसरीकडे तंबू लावावासा वाटू नये इतके चांगले असावेत.

दोन-तीन माणसांच्या तंबूला ताणदोर धरून ४ बाय ४.५ मीटर पुरतात. कुटुंबाच्या मोठ्या तंबूला ५.५ बाय ६ लागतात. दोन ओट्यांमध्ये किमान १५ मीटर ठेवा. २५ ठेवता आले तर शेजारच्याचं घोरणंही ऐकू येत नाही.

फक्कीने चौकोन आखा. वरचा पालापाचोळा आणि काळी माती घमेल्यांनी काढून बाजूला रचा. ती फेकायची नाही, काम झाल्यावर कडेच्या उघड्या जमिनीवर पसरायची आहे. मग वरच्या अंगाला, ओट्यापासून मीटरभर लांब, पाणी वळवणारा चर काढा. तो ४० सेंटिमीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल असावा, आणि त्याचा आकार परातीसारखा पसरट असावा. उभ्या भिंतींचा चर पहिल्या जोरदार पावसातच ढासळतो, शिवाय अंधारात त्यात पाय मुरगळतात. चराला मीटरमागे ३ सेंटिमीटर उतार द्या आणि तोंड दगडांच्या पसाऱ्यावर सोडा, म्हणजे पाण्याचा जोर मोडतो. दोन ओट्यांचे चर एकमेकांना जोडू नका. जोडलेले चर दोन-तीन पावसाळ्यांत ओघळ होतात.

आतली जमीन धुमसाने ठोकून जिओटेक्स्टाईल कापड (पाणी झिरपू देणारं, पण खडी आणि माती वेगळी ठेवणारं) अंथरा. ते नसेल तर खडी हळूहळू मातीत बुडते. त्यावर १० सेंटिमीटर जाडीचा २० मिलिमीटर खडीचा थर, आणि वर ५ सेंटिमीटर बारीक खडी व कच मिसळून. खडी फोडलेलीच हवी, कोनदार. नदीतले गोटे एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली सरकतात आणि त्यांत खुंटी धरत नाही.

पृष्ठभागाला एकाच दिशेने मीटरमागे २ सेंटिमीटर उतार द्या. म्हणजे ४ मीटरच्या ओट्याच्या दोन कडांत ८ सेंटिमीटरांचा फरक. नजरेवर विसंबू नका, डोंगरात नजर हमखास फसते. आजूबाजूचं सगळंच कललेलं असल्यामुळे सपाट जागा उलट्या बाजूला उतरल्यासारखी दिसते. पारदर्शक लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून दोन्ही कडांवर खुणा करा, आणि त्याआधी नळीतले हवेचे बुडबुडे काढा, नाहीतर मापच चुकतं. दोनपेक्षा कमी उतार ठेवला तर तंबूखाली पाणी साचतं. चार झाला की झोपणारा माणूस रात्रभर पायांकडे घसरत राहतो. डोकं चढाकडे, असं ओट्याजवळच्या पाटीवर लिहून ठेवावं.

आता नेहमी होणारी चूक. खडी विस्कटू नये म्हणून चारी बाजूंनी लाकडी ओंडके लावले जातात, आणि ओट्याचा हौद होतो. खालच्या अंगाची कड उघडी ठेवा, किंवा ओंडक्यांमध्ये दर मीटरला १० सेंटिमीटरची फट सोडा.

ठोकलेल्या खडीत तंबूसोबत येणाऱ्या बारीक ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. कडेच्या ओंडक्यांवर दर ५० सेंटिमीटरला लोखंडी कड्या बसवल्या की तो प्रश्न सुटतो, शिवाय खुंटी ठोकायला लोक दगड उचकटत नाहीत. सिमेंटचा कोबा मात्र करू नये: पाणी मुरत नाही, खुंटी जात नाही, आणि तापलेला कोबा रात्री उशिरापर्यंत तंबूत उष्णता सोडतो. उतार फारच असेल आणि दुसरी जागाच नसेल, तर खांबांवर लाकडी फळ्यांचा ओटा करावा. फळ्यांत ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवावी, आणि खालच्या कडेची उंची कमरेच्या जवळ जात असेल तर कठडा लावावा.

पायवाटा

तंबूपासून नळापर्यंतची आणि शौचालयापर्यंतची वाट लगेच पक्की करू नका. महिनाभर फक्कीच्या खुणांवर चालवा आणि लोक कुठे आडवाट पाडतात ते बघा. मग त्यांची वाट सोयीची असेल तर तीच घ्या. नसेल तर वळण एखाद्या मोठ्या दगडाला किंवा झाडाला वळसा घालून न्या, म्हणजे पलीकडचा टप्पा डोळ्यांना दिसत नाही आणि मधून उतरायचा मोह होत नाही.

वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवावा आणि सरासरी १०० मीटरला १० मीटरांच्या आत राखावा. निम्म्याहून जास्त चढाची वाट पाण्यालाही उताराइतकीच सोयीची वाटते, मग ते बाजूने निसटण्याऐवजी वाटेवरूनच धावतं. वाटेची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा मीटरमागे ५ सेंटिमीटर खाली असावी. दर १५ ते २० मीटरला वाटेला हलकीशी लाटेसारखी उतरण-चढण द्या, म्हणजे पाणी खळग्यात बाहेर पडतं. आडवे ओंडके टाकून पाणी अडवण्यापेक्षा हे टिकतं. ओंडक्यामागे गाळ भरला की पाणी वरून उडी मारतं आणि पलीकडे खड्डा पाडतं.

पायऱ्या करायच्याच असतील तर उंची १५ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवायची जागा ३० ते ३५. सगळ्या सारख्या. अंधारात पडायला एक वेगळ्या उंचीची पायरी पुरते.

पाणी

अंघोळ सोडून माणशी दिवसाला २० लिटर धरा: पिणं, स्वयंपाक, भांडी, हात-पाय. २० ओटे आणि दर ओट्यावर चार माणसं म्हणजे रोज १६०० लिटर. टाकी दोन दिवसांची ठेवा, कारण बिघाड हटकून गर्दीच्या दिवशीच होतो.

झरा वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात मोजायचा. १० लिटरची बादली ५० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १७,००० लिटर. हे सगळं आपलं नाही. ओढ्याखालचं जंगल आणि जनावरं त्यावरच जगतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त वाहतं राहू द्या.

टाकी नळाच्या १० मीटर वर असली की एका बारचा दाब मिळतो. १५ मीटर असतील तर पंपाची गरजच नाही. टाकी ५०-६० मीटर वर गेली तर मध्ये दाब मोडणारी छोटी टाकी घाला, नाहीतर तोट्यांचे वायसर टिकत नाहीत. डोंगरातल्या नळाला 'पाणी आहे, पण येत नाही' हा रोग असतो. नळी उतारावरून जाताना कुठे उंचवट्यावर चढली असेल तर तिथे हवा अडकते आणि पाण्याला वाट मिळत नाही. प्रत्येक उंचवट्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि प्रत्येक खोलगट जागी गाळ सोडायची तोटी ठेवा.

क्लोरीनचा हिशोब असा: लिटरला २ मिलिग्रॅमची मात्रा धरली तर १००० लिटरला २ ग्रॅम क्लोरीन. ३० टक्के जोराची ब्लीचिंग पावडर असेल तर ती सुमारे ७ ग्रॅम लागते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. अर्ध्या तासाने सगळ्यात लांबच्या तोटीवर तपासा. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक दिसायला हवं. शिल्लक नसेल तर बहुधा पाणी गढूळ आहे किंवा पावडर मेली आहे. उघड्या पिशवीत, दमट जागी ती भराभर जोर गमावते. गढूळ पाणी आधी निवळून आणि गाळूनच क्लोरीनला द्यावं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून शंका असेल त्या दिवशी नळावर 'उकळून प्या' अशी पाटी लावा: खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

पिण्याची तोटी आणि भांडी धुण्याची जागा वेगळी हवी. एकाच जागी दोन्ही ठेवली तर चिखल, खरकटं आणि डास तिन्ही जमतात. भांड्यांच्या मोरीखाली आधी जाळीची टोपली, मग तेल अडवणारी दोन कप्प्यांची कुंडी, आणि शेवटी दगडांनी भरलेला मीटरभर लांब-रुंद व तितकाच खोल शोषखड्डा. कुंडी वगळली की चरबीचा थर खड्ड्याच्या भिंतींना लिंपला जातो. मग लोक म्हणतात की खड्डाच लहान पडला. टोपली रोज, कुंडी गर्दीच्या दिवसांत आठवड्याला.

शौचालय

वीस माणसांमागे एक, हे माप धरा. ओट्यांपासून अंतर ५० ते १०० मीटर. ३० च्या आत वास येतो. १०० च्या पुढे ठेवलं तर रात्री तिथे कुणी जात नाही, सगळे जवळच्या झाडामागे जातात. झऱ्यापासून किमान ३० मीटर, आणि झऱ्याच्या खालच्या अंगाला. खड्ड्याचा तळ आणि भूजलाची पावसाळ्यातली सर्वांत वरची पातळी यांत किमान दीड मीटर हवेत. कातळ फुटीर असेल तर हे अंतरही कामाचं नाही, कारण भेगांतून मैला न गाळला जाता सरळ झऱ्यात उतरतो. अशा ठिकाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांचा नाद सोडून बंद कप्प्यांचं खताचं शौचालय घ्यावं. त्यात दर वापरानंतर मूठभर लाकडाचा भुसा किंवा कुस्करलेला सुका पाला टाकायचा. लघवी वेगळी काढली तर वास जवळपास संपतो.

कोरड्या खड्ड्याच्या शौचालयात सगळा खेळ व्हेंट पाईपचा. पाईप १५० मिलिमीटर व्यासाचा, छपराच्या ५० सेंटिमीटर वर गेलेला, आणि तोंडाशी बारीक जाळी. वारा पाईपच्या तोंडावरून गेला की खड्ड्यातली हवा वर ओढली जाते आणि खोलीतली हवा भोकातून खाली जाते, म्हणून खोलीत वास राहत नाही. खड्ड्यातल्या माश्या उजेडाकडे उडतात. खोली अंधारी असेल तर त्यांना एकच उजेड दिसतो, पाईपचं तोंड. तिथे जाळीला अडकून त्या मरतात. कुणीतरी सोय म्हणून छपरात पारदर्शक पत्रा बसवतं किंवा भोकावर घट्ट झाकण ठेवतं, आणि ही सगळी रचना बिघडते. तपासायला काडीपेटीची काडी पेटवून विझवा आणि तिचा धूर भोकाजवळ धरा. तो खाली ओढला गेला पाहिजे. वर आला तर पाईपमध्ये कोळिष्टकं किंवा पाला अडकला आहे.

हात धुण्याची जागा आणि साबण बाहेर पडताना वाटेतच यावेत, बाजूला वळावं लागू नये.

आग, अन्न, उजेड

चार-पाच ओट्यांमागे एक सामायिक शेकोटी पुरते. आतून ७५ सेंटिमीटर व्यासाचं आणि ३० सेंटिमीटर उंचीचं लोखंडी कडं बसवा. भोवती ३ मीटरपर्यंत पाला व कुजकी माती काढून खालची खनिज माती उघडी करा. वर फांद्या नकोत. कुजक्या पाल्याच्या थरावर पेटवलेली आग वरून विझली तरी मुळांतून आत धुमसत जाते आणि दोन दिवसांनी भलत्याच जागी वर येते. कड्याऐवजी ओढ्यातले दगड लावू नका. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि शेवटी तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर ती अजून विझलेली नाही. दहा लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या कड्याशेजारी कायम हव्यात.

सरपण तळावरच द्यावं. लोकांना गोळा करू दिलं तर पहिल्या हंगामात वाळक्या काड्या संपतात, दुसऱ्यात फांद्या मोडायला लागतात. दूरवरून आणलेल्या लाकडातून खोडकिडे नव्या जंगलात शिरतात, म्हणून तेही नको. तंबूच्या आत शेगडी, निखारे, स्टोव्ह यांना कडक बंदी. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

अन्न तंबूत ठेवणं म्हणजे जनावराला आमंत्रण. अस्वलांच्या भागात स्वयंपाकाची जागा ओट्यांपासून ६० ते १०० मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवी. पोलादी पेटीची कडी अशी असावी की खोबणीत बोट घालून दाबल्याशिवाय ती उघडू नये. ४ मीटर उंच आणि खोडापासून २ मीटर लांब टांगलेली पिशवी अस्वलाला पुरून उरते, माकडाला नाही. कचऱ्याच्या झाकणालाही अशीच कडी, आणि डबे संध्याकाळ व्हायच्या आत रिकामे करायचे.

दिवे फक्त शौचालय, नळ आणि पायऱ्यांपाशी: गुडघ्याच्या उंचीवर, झडप लावून खाली तोंड केलेले, पिवळसर. पांढऱ्या-निळसर दिव्याभोवती किडे जमतात आणि किड्यांमागे बाकीचे येतात.

पाटी आणि फेरी

नकाशाची पाटी अशी लावा की वाचणारा ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, तीच दिशा नकाशात वर येईल. उत्तर वर ठेवण्याचा हट्ट धरला तर अर्धे लोक उलट्या वाटेला लागतात. ओट्यांचे क्रमांक वाटेच्या क्रमानेच द्या, बांधलेल्या क्रमाने नाही. रात्री मदत मागवावी लागली तर सातनंतर आठच येतो, त्यामुळे ओटा शोधायला सोपं जातं. फोनला रेंज मिळते ती जागाही नकाशावर दाखवा. विजेबद्दल एक ओळ पुरे: चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर गाडीत किंवा पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच.

प्रत्येक मोठ्या पावसानंतरच्या सकाळी फावडं घेऊन एक फेरी. आधी चरांची तोंडं मोकळी करा, मग ओट्यांच्या खालच्या कडा, मग वाटेवरचे खळगे, शेवटी नळाखालची जाळी. गाळ काढला की तो खालच्या अंगाला टाकायचा. वरच्या काठावर टाकलेला गाळ पुढच्या पावसात परत चरात येतो.